मॉडेल रंगवताना राडा कमी कसा करायचा

प्लास्टिकचं मॉडेल रंगवायला बसलं की तासाभरात बोटं, टेबल, टीशर्टची बाही सगळं माखतं आणि मग बरेच जण म्हणतात की जाऊदे, हा छंदच राड्याचा आहे. मला हे अजिबात पटत नाही. मी बरीच वर्षं विमानं, रणगाडे, छोट्या आकृत्या रंगवतेय आणि माझं ठाम मत झालंय की रंग सांडतो तो रंगवताना नाही. ब्रश मॉडेलवर टेकलेला असतो तेव्हा आपण श्वास रोखून बसलेलो असतो, तेव्हा कशाला काही होतंय. राडा होतो तो बाटली उघडताना, रंग काढून घेताना, ब्रश धुताना, आणि रंगवलेला ओला तुकडा हातात धरून "आता हा ठेवू कुठे" म्हणून इकडेतिकडे बघताना. या चार वेळा सांभाळल्या की अर्ध्याहून जास्त काम झालं, म्हणून मी सुरुवात ब्रशपासून न करता बाटलीपासून करते.

बाटल्या आणि झाकणं

थेंब पाडायच्या प्लास्टिकच्या बाटल्या असतात ना, वॅलेहो कंपनीच्या रंगांसारख्या, १७-१८ मिलीच्या, त्या सगळ्यात स्वच्छ वाटतात पण त्यांचा एक वाईट गुण आहे. तोंडाशी रंग वाळून बूच बसतं, आपण दाबतो, काही येत नाही, अजून जोरात दाबतो आणि ते बूच सुटून अख्खी पिचकारी उडते. माझ्या एका विमानाच्या पूर्ण झालेल्या राखाडी पंखावर असाच लाल रंग उडाला होता आणि तो पंख मला पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. तेव्हापासून नियम एकच, थेंब पहिल्या हलक्या दाबात आला नाही तर दुसऱ्यांदा दाबायचंच नाही. बाटली उभी धरायची, तोंड वर, त्यावर टिश्यू धरायचा आणि टाचणीने भोक मोकळं करायचं. मग उभीच ठेवून किंचित दाबून आतली हवा सोडायची आणि त्यानंतरच उलटी करायची. काम झालं की तोंड टिश्यूने पुसून झाकण लावायचं, या एका पुसण्याने ते बूच बसायचंच थांबतं. टाचणी तोंडात खोचून ठेवू नका, गंजते आणि तो गंज रंगात उतरतो. बाटलीत ढवळायला छोटी गोळी टाकत असाल तर तीसुद्धा स्टेनलेस स्टीलचीच घ्या, कारण तेच.

काचेच्या बाटल्या, म्हणजे टामियाच्या १० मिलीवाल्या वगैरे, त्या मी हलवत नाही, ढवळते. हलवलं की झाकणाच्या आतल्या बाजूला रंग बसतो आणि उघडताक्षणी तो बोटावर आणि टेबलावर ओघळतो. चपट्या काडीने तळापासून ढवळा, आणि ती काडी बाटलीच्या कडेला निपटू नका, पॅलेटवर निपटा. कडेला लागलेला रंग आट्यांमध्ये जातो, वाळतो, मग झाकण नीट बसत नाही, हवा आत जाऊन रंग घट्ट होतो, आणि पुढच्या वेळी त्या वाळलेल्या कडेचे बारीक कण रंगात पडून मॉडेलवर खडे दिसतात, म्हणजे एका कडेने किती ठिकाणी त्रास दिला बघा. म्हणून बंद करायच्या आधी थिनर (रंग पातळ करायचा द्रव) लावलेल्या टिश्यूने कड एकदा गोल पुसून घ्यायची, दहा सेकंदांचं काम आहे. झाकण घट्ट बसलंच असेल तर पक्कड लावू नका, काच फुटते. झाकणाकडचा भाग मिनिटभर गरम पाण्यात धरा आणि रबराच्या तुकड्याने पकडून फिरवा.

हम्ब्रॉलच्या त्या १४ मिलीच्या पत्र्याच्या डब्या असतात एनॅमलच्या, म्हणजे तेली रंगाच्या, त्यातून रंग ओतायचा विचारसुद्धा करू नका. कडेला जी खाच असते ती भरते आणि झाकण दाबलं की रंग बाहेर पिचकतो. ड्रॉपरने किंवा काडीच्या टोकावर घेऊन काढा.

आणि बाटली कलंडण्याबद्दल. सगळ्यात भीती रंगाची नाही, पातळ गोंदाची आहे. टामिया एक्स्ट्रा थिनसारखा गोंद सांडला आणि तो भागाखाली शिरला की प्लास्टिक विरघळतं, घाईघाईत उचलायला गेलं की बोटाचा ठसा कायमचा उमटतो, नंतर घासून घासून काढावा लागतो. जाड फोमच्या तुकड्यात बाटलीच्या मापाचं भोक कापा आणि बाटली त्यात बसवून टाका. पॅनेल लाइनच्या वॉशच्या, म्हणजे मॉडेलवरच्या जोडरेषांत सोडायच्या पातळ रंगाच्या, बाटल्यांनाही हेच करा. ज्या बाटलीच्या झाकणालाच ब्रश असतो ती आपण सारखी उघडी ठेवतो, त्यामुळे कलंडायची वेळ तिच्यावरच जास्त येते.

टेबलाची मांडणी

वर्तमानपत्र अंथरू नका. ते सरकतं, सुरकुततं, सांडलेलं खाली जाऊ देतं. काठ असलेला जुना ट्रे घ्या आणि सगळं ओलं काम त्या ट्रेतच करा. सांडलं तर काठाला अडतं, आणि मध्येच उठायची वेळ आली तर अख्खा पसारा उचलून कपाटावर ठेवता येतो, घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर हे फारच उपयोगी.

पाणी, पॅलेट आणि टिश्यू हे तिन्ही ज्या हाताने रंगवता त्याच बाजूला ठेवा. उजव्या हाताने रंगवणारा माणूस पाणी डावीकडे ठेवतो तेव्हा ओला ब्रश प्रत्येक वेळी मॉडेलवरून जातो आणि एक ना एक थेंब त्यावर पडतोच. हे इतकं साधं आहे पण मला कुणी सांगितलं नव्हतं, मी बरीच मॉडेल खराब केल्यावर माझ्या लक्षात आलं.

पाण्याची दोन भांडी, जड बुडाची आणि रुंद तोंडाची. पहिल्यात ब्रश धुवायचा, दुसऱ्यात खळबळून घ्यायचा. मेटॅलिक रंग वापरत असाल तर तिसरं भांडं वेगळं, कारण त्या रंगातली चमकीची पूड पाण्यात तरंगते आणि नंतर तुमच्या मॅट हिरव्या रणगाड्यावर चकाकत बसते, काढताही येत नाही. शक्य असेल तर मेटॅलिकचा ब्रशही वेगळाच. प्यायच्या पाण्याचा ग्लास त्या टेबलावर नकोच.

रंग किती काढायचा

एक थेंब. खरंच, एकच. १/७२ च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतक्या, विमानाची अख्खी कॉकपिट दोन थेंबांत होते. पॅलेटवर रंगाचं तळं केलं की त्यात बाही बुडते, ते वाळत जातं, आपण पाणी घालत जातो आणि शेवटी चार रंगांचा चिखल पुसत बसतो.

ॲक्रिलिकसाठी, म्हणजे पाण्यात धुता येणाऱ्या रंगांसाठी, वेट पॅलेट (ओली पॅलेट) करा, घरीच होतं. घट्ट झाकणाचा पसरट डबा, तळाला पातळ स्पंज किंवा किचन टिश्यूचे तीनचार थर, पाणी घालून पूर्ण भिजवायचं पण वर पाणी साचता कामा नये, आणि त्यावर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेणाचा थर दिलेला कागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही आणि मग सगळ्या खटाटोपाचा उपयोगच नाही. कागद आधी भिजवून घ्या म्हणजे कडा वळत नाहीत, आणि खाली हवेचा फुगा राहिला तर बोटाने बाहेर सारा. यावर रंग तासन् तास ओला राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो, म्हणजे सारखी बाटली उघडायची गरजच पडत नाही, आणि बाटली जितकी कमी उघडाल तितका राडा कमी. वास यायला लागला तर स्पंज धुवा आणि पाणी बदला. मेटॅलिक रंग यावर घेऊ नका, पूड पसरून शेजारच्या रंगात जाते, त्यासाठी गुळगुळीत टाइलचा तुकडा किंवा गोळ्यांचं रिकामं पाकीट बरं. एनॅमलही तिकडेच.

तुकडा धरायचा कसा

बोटं रंगतात कारण आपण तुकडा बोटात धरतो. शक्य तेवढे बारीक भाग स्प्रूवर, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावर, असतानाच रंगवा आणि नंतर कापलेल्या जागी टचअप करा. जे कापावेच लागतात त्यांना काडीवर लावलेल्या मगरक्लिपमध्ये (दातेरी चिमट्यात) धरा, क्लिप अशा जागी लावायची जी नंतर गोंदाखाली जाणार आहे. क्लिप बसत नसेल तर बाटलीच्या झाकणावर ब्लू टॅकचा (मऊ चिकट लगद्याचा) गोळा आणि त्यावर तुकडा. आकृत्यांच्या पायाला बारीक भोक पाडून तार घालता येते, ती पुढे बेसवर उभं करायलाही कामी येते.

काड्या खोचायला काही विकत घ्यायला नको. कोरुगेटेड पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापा आणि तिच्या तीनचार पट्ट्या एकमेकींना चिकटवा, कडेला जी नळ्यांसारखी भोकं दिसतात त्यात काडी बरोब्बर बसते. महत्त्वाचं हे की हा स्टँड रंगवायला सुरुवात करायच्या आधी समोर पाहिजे, रिकामा. किती तुकडे आहेत ते मोजा, तितक्या जागा आहेत का बघा, मग ब्रश उचला.

चाकांचं एक सांगते कारण त्यात सगळ्यांची बोटं काळी होतात. टूथपिकचं निमुळतं टोक चाकाच्या मधल्या भोकात घट्ट बसेपर्यंत घाला. आधी अख्खं चाक आतल्या रिमच्या रंगाने रंगवा आणि वाळू द्या. मग टायरचा रंग थोडा पातळ करून ब्रशवर घ्या, ब्रशचा हात टेबलावर टेकवून स्थिर ठेवा, टोक रिम आणि टायरच्या मधल्या खाचेला नुसतं टेकवा आणि दुसऱ्या हाताने टूथपिक फिरवा. ब्रश हलवायचा नाही, चाक हलवायचं. रंग त्या खाचेत आपोआप पळतो आणि गोल रेष स्वच्छ येते, मग बाहेरचा टायर भरायचा. एकदा जमलं की मास्किंगची, म्हणजे टेप लावून भाग झाकायची, गरजच राहत नाही, आणि बोटाला थेंबभरही रंग लागत नाही.

रंगवण्याआधी भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवून वाळवून घ्या, साच्यातून सुटायला लावलेलं तेल त्यावर असू शकतं आणि मग रंग धरत नाही, आपण परत परत थर देत बसतो.

ब्रश

केस अर्ध्यापर्यंतच बुडवा. केसांना धरणारी धातूची नळी असते तिच्यापर्यंत रंग गेला की तो आत वाळतो, केस फाकतात, टोक दुभंगतं आणि मग रेष सोडून बाहेर जातो. बुडवल्यावर टोक पॅलेटवर एकदा फिरवून घ्या, पोटाशी थेंब लोंबत असेल तर टिश्यूला नुसता टेकवा. ब्रश पाण्यात उभा सोडून जाऊ नका, टोक वाकतं ते वाकतंच. शेवटी साबणाने धुवायचा, तळहातावर हलक्या हाताने फिरवून, फेसाला रंग यायचा थांबेपर्यंत, आणि बोटाने टोक काढून आडवा वाळवायचा. ॲक्रिलिकसाठी गरम पाणी नको.

ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उठावांवर फिरवायच्या आधी, ब्रश टिश्यूवर पुसला तर टिश्यूचे तंतू ब्रशला लागतात आणि मॉडेलवर जातात. पुठ्ठ्यावर पुसा.

मास्किंग, कारण दुरुस्तीचा राडा सगळ्यात मोठा

टेपखालून रंग शिरला की घासा, पुन्हा प्राइम करा (रंगाखालचा पहिला थर द्या), पुन्हा रंगवा, म्हणजे सगळा राडा दोनदा. रोलच्या कडेला धूळ बसलेली असते त्यामुळे ती कड सरळ वापरू नका. टेप काचेवर किंवा कटिंग मॅटवर चिकटवा, स्टीलच्या पट्टीने आणि नव्या ब्लेडने ताजी कड कापा. खालचा रंग नाजूक वाटत असेल तर टेप आधी हाताच्या पाठीवर एकदोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा. लावल्यावर कड टूथपिकने किंवा नखाने दाबून घ्या, पॅनेलच्या रेषा जिथे टेपखालून जातात तिथे तर नक्कीच, रंग त्या बोगद्यातूनच आत जातो.

मग खरी युक्ती. कडेवर आधी नवा रंग द्यायचा नाही, खाली जो रंग आहे तोच किंवा क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, एक पातळ थर द्यायचा. जे काही शिरायचं ते शिरतं, पण खालच्याच रंगाचं असल्यामुळे दिसत नाही, आणि फट बुजते. त्यावर नवा रंग, पातळ थरांत, टेपकडून बाहेरच्या दिशेने, टेपच्या कडेत कधीच नाही. टेप काढताना वर ओढू नका, स्वतःवरच मागे दुमडून सावकाश खेचा, आणि रंग हाताला लागत नाही इतपत सुकला की लगेच काढा, आठवडाभर ठेवली तर कड तुटते आणि चिकटाही राहतो.

स्प्रे कॅन

खोकं आडवं ठेवा, उघडी बाजू आपल्याकडे, तळाला ओलसर कापड. स्प्रेचे जे कण मॉडेलवर बसत नाहीत ते हवेतच वाळून धूळ होतात आणि लांबवर जाऊन बसतात, ओलं कापड त्यातली बरीच पकडतं. खिडकी उघडी पाहिजे, आणि तोंडाला सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला रेस्पिरेटर, कापडी मास्क वाफा अडवत नाही. जवळपास कुठलीही ज्योत नको. हातात नायट्राइलचे ग्लोव्ह.

कॅन आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोनेक मिनिटं हलवा. थंडी असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा, कोमटच, उकळतं पाणी किंवा आच नाही, कॅन फुटू शकतो. २० ते २५ सेंटीमीटर अंतर, मॉडेलच्या बाहेर दाबायला सुरू करायचं, आडवं सरकत जायचं आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट सोडायचं. नॉझलवर थेंब साचत जातो आणि तोच थुंकल्यासारखा मॉडेलवर उडतो म्हणून दर दोनचार फेऱ्यांनंतर टिश्यूने टिपा. हवा दमट असेल त्या दिवशी लॅकरचा (झटपट वाळणाऱ्या, थिनरवाल्या रंगाचा) स्प्रे करूच नका, पांढरट धुकं धरतं.

एअरब्रश

एअरब्रश म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारायचं पेनासारखं यंत्र, आणि त्यात सगळ्यात मोठा राडा रंगाच्या कपमधून होतो. कप अर्ध्याच्या खाली भरा आणि झाकण लावा, नाहीतर खालच्या बाजूचं रंगवायला हात वळवला की सांडलंच. रंग वेगळ्या छोट्या भांड्यात मिसळून घ्या, कपमध्ये ओता तेव्हा तो दुधासारखा पातळ असला पाहिजे, ०.३ मिमी नॉझलला आणि १५-२० पीएसआय दाबाला साधारण तेवढा पातळपणा जमतो. डबल ॲक्शन असेल, म्हणजे एकाच ट्रिगरने हवा आणि रंग वेगवेगळे सोडता येत असतील, तर आधी हवा मग रंग, आणि थांबताना आधी रंग बंद मग हवा. उलटं केलं की टोकाशी थेंब राहतो आणि पुढच्या दाबाला शिंतोडे.

थिनर त्याच रंगाचं वापरा. टामियाच्या ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं म्हणून वॅलेहोला घालायला गेलात तर त्याची चिकट रबरासारखी गुठळी होते आणि नॉझल साफ करायला संध्याकाळ जाते.

सफाईसाठी क्लीनिंग पॉट, म्हणजे एअरब्रश आत फवारून रिकामा करायची बंद बरणी, घ्या, थिनर हवेत मारू नका. आणि नॉझल बंद करून कपात उलटे बुडबुडे काढता ना, तेव्हा कपावर टिश्यू धरा, पहिल्याच बुडबुड्याला रंग वर उसळतो.

तरीही सांडलं तर

कपड्यावर ॲक्रिलिक ओलं असेल तर लगेच गार पाणी आणि साबण, टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. वाळलेलं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण आधी कपड्याच्या आतल्या बाजूला लावून बघा, कपड्याचा रंग जातोय का. एनॅमलला व्हाइट स्पिरिट. मॉडेलवर चुकून थेंब पडला तर ताबडतोब ओलसर स्वच्छ ब्रशने उचलून घ्या, पण मिनिटभर जरी उलटला असेल तर हात लावू नका. अर्धवट सुकलेला रंग पुसायला गेलं की खालचाही सोलून येतो. पूर्ण वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर रंग द्या.

थिनर सिंकमध्ये ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत साठवा, काही दिवसांत रंग खाली बसतो आणि वरचं निवळलेलं थिनर ब्रश धुवायला परत वापरता येतं. तळाचा गाळ बाहेर मोकळ्या हवेत वाळवून टाका. एनॅमल किंवा ऑइल पेंट पुसलेल्या चिंध्यांचे बोळे करून कचऱ्यात फेकू नका, हे रंग वाळताना उष्णता सोडतात आणि बोळ्यात ती साठून चिंधी पेटूही शकते. बाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्या, मग टाका.

उठायच्या आधी मी ठरलेल्या क्रमाने आवरते. पहिल्यांदा मॉडेलवर स्वच्छ खोकं पालथं घालते, कारण बाकीची आवराआवर करताना उडणारी धूळ ओल्या रंगावरच बसते, मग बाटल्यांच्या कडा, मग पॅलेटचं झाकण, मग ब्रश, आणि सगळ्यात शेवटी पाणी. पाणी आधी टाकलं तर हमखास एखादा ब्रश न धुतलेला सापडतो.